पाणी सरकारनं चालवायचं की कंपनीनं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाणी आणि सांडपाणी या विषयावर जरा तोंड उघडलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि विचारणारा बहुतेक वेळा आधीच कुठल्यातरी बाजूला जाऊन बसलेला असतो. एकाला कंपनी म्हटलं की लूट दिसते, दुसऱ्याला सरकारी खातं म्हटलं की टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस दिसतो. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. माझं मत लपवत नाही: दारावर पाटी कुणाची आहे यापेक्षा तोटा झाला की तो कुणाच्या खिशातून जातो, हे मी आधी बघतो.

खासगीकरण म्हणजे नदी-धरण कंपनीला विकून टाकणं का?

नाही हो, तसं जवळजवळ कुठेच होत नाही. पाइप, टाक्या, शुद्धीकरण केंद्र सगळं मालकीसकट विकलं अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच. इंग्लंड आणि वेल्सनं १९८९ मध्ये केलं, आणि चिली १९९० च्या दशकाच्या अखेरीस बऱ्यापैकी त्या वाटेनं गेला. बाकी सगळीकडे असतात ते करार, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सगळ्यात हलका म्हणजे मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट. तीन-पाच वर्षं कंपनीची माणसं येऊन कारभार बघतात, फी घेतात, जोखीम सगळी सरकारची. घानामध्ये २००६ ते २०११ असा होता, मुदत संपल्यावर वाढवलाच नाही. मग लीज, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत त्याला अफरमाज म्हणतात: पाइप सरकारचे, नवे टाकायचा खर्चही मुख्यतः सरकारचा, पण रोज चालवणं आणि बिलं वसूल करणं कंपनीचं, वसुली कमी झाली की फटका तिलाच. सेनेगलनं १९९६ मध्ये हा मार्ग धरला आणि कंपनी बदलली तरी पद्धत सोडलेली नाही. त्यापुढे कन्सेशन, २५-३० वर्षांचं, यात गुंतवणूकही कंपनीनं करायची आणि शेवटी सगळं सरकारला परत. आणि बीओटी, म्हणजे कंपनी फक्त एक प्लांट बांधणार, चालवणार, सरकार तिच्याकडून ठरलेलं पाणी विकत घेणार. यात गंमत अशी की शहरातले पाइप फुटके असोत नाहीतर नसोतच, ठरलेल्या पाण्याचे पैसे बऱ्याचदा द्यावेच लागतात.

तेव्हा कुणी नुसतं 'खासगीकरण' म्हटलं की पहिला उलट प्रश्न, यातलं कुठलं?

पाणी तर आभाळातून येतं, त्याचे पैसे कशाला?

पाणी येतं, पाइप येत नाही. पंपाची वीज, क्लोरिन, तुरटी, फुटलेली लाइन खणून जोडणारी माणसं, हे सगळं रोज पैसे मागतं. 'मोफत' म्हणजे इतकंच की ते पैसे करातून जातात. तेही चालेल, पण कुठलं सरकार दर वर्षी न चुकता ते बाजूला काढून ठेवतं ते सांगा. पैसे आले नाहीत की आधी मेंटेनन्स थांबतो, मग गळती वाढते, मग पाणी कमी येतं, मग लोक म्हणतात पाणीच येत नाही तर बिल कशाला भरू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

निम्मं पाणी गळतं म्हणतात, ते जातं कुठे?

सगळं गळतच नाही. शुद्ध करून सोडलेलं पण ज्याचं बिल कधी निघालंच नाही, त्या पाण्याला नॉन रेव्हेन्यू वॉटर म्हणतात. त्यातलं काही खरंच जमिनीत मुरतं. काही बेकायदा जोडण्यांतून जातं, आणि त्या जोडण्या नेहमी झोपडीतच असतात हा गैरसमज आहे, मोठमोठ्या बंगल्यांच्या, बर्फाच्या कारखान्यांच्या आणि लष्करी वसाहतींच्या मागे पण असतात. उरलेलं बंद पडलेल्या मीटरमधून, आणि मीटर वाचणाऱ्याच्या वहीतून. वहीतून म्हणजे कसं, तर वाचणारा दारात उभा राहून आकडा अंदाजानं टाकतो आणि तो अंदाज गिऱ्हाइकाच्या सोयीचा असतो. कसा, ते कळलंच असेल.

म्हणून गळती हा निव्वळ इंजिनियरचा प्रश्न नाहीये. पाइप बदलणं त्यातल्या त्यात सोपं, वहीतला अंदाज बंद करणं अवघड, कारण त्या अंदाजावर बरीच घरं चाललेली असतात.

कोचाबांबात नेमकं काय झालं होतं? सगळे तेच उदाहरण देतात.

देतात, आणि अर्धंच देतात. बोलिव्हियातलं हे शहर, १९९९ मध्ये तिथली पाणीव्यवस्था ४० वर्षांसाठी आग्वास देल तुनारी नावाच्या कंपनीकडे गेली, तिच्यामागे अमेरिकेची बेक्टेल होती. बोली लावणारी हीच एकटी. कराराप्रमाणे कंपनीला साधारण १६ टक्के परतावा ठरलेला, आणि वर मिसिकुनी धरणाच्या महागड्या प्रकल्पाचा खर्चही दरात घातलेला. २००० च्या जानेवारीत वाढीव बिलं आली, काहींची तर दुप्पट, आणि अजून पाण्यात काही फरक पडलेला नाही, नळ तोच, धार तीच, फक्त कागद नवा.

पण लोक नुसत्या बिलावर पेटले नव्हते. त्याच सुमारास आलेल्या २०२९ क्रमांकाच्या कायद्यामुळे, वस्त्यांनी स्वतः वर्गणी काढून खणलेल्या विहिरी आणि सहकारी पाणीयोजना पण कंपनीच्या हद्दीत जातील अशी भीती होती. सरकारनं जे कधी दिलंच नाही ते लोकांनी स्वतः उभं केलं आणि आता तेही जाणार, हे कोण सहन करेल. एप्रिलमध्ये आणीबाणी लागली, गोळीबारात एक १७ वर्षांचा मुलगा गेला, आणि शेवटी करार रद्द झाला. कंपनीनं आंतरराष्ट्रीय लवादात दावा लावला, २००६ मध्ये तो नाममात्र २ बोलिव्हियानोवर मिटला.

आता उरलेलं अर्धं. पाणी परत सेमापा या सार्वजनिक संस्थेकडे आलं, आणि पुढची कित्येक वर्षं शहराच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्त्या टँकरवरच राहिल्या. कंपनी गेली म्हणून नळ आला असं झालं नाही. आंदोलन चूक होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, तो करार फाडण्याच्याच लायकीचा होता. पण करार फाडणं आणि पाइप टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग कंपनीनं कुठे नीट चालवलं असं आहे का?

आहे, आणि त्याला फिलिपाइन्सच्या राजधानीसारखं, मनिलासारखं उदाहरण नाही, कारण तिथे एकाच शहराचे दोन तुकडे करून १९९७ मध्ये दोन कंपन्यांना दिले, पूर्व मनिला वॉटरला, पश्चिम मायनिलाडला. कायदा तोच, नियामक (दर आणि सेवेवर नजर ठेवणारी यंत्रणा) तोच, धरणसुद्धा बहुतांशी तेच. पूर्वेकडे बिल न होणारं पाणी ६३ टक्क्यांच्या आसपास होतं, ते पुढच्या दीडेक दशकात साधारण ११ टक्क्यांवर आलं. गरीब वस्त्यांत त्यांनी एक साधी गोष्ट केली, जमिनीचे कागद मागत बसले नाहीत, गल्लीच्या तोंडाशी एक मीटर लावला आणि आतल्या घरांनी मिळून तो सांभाळायचा.

पश्चिमेचं नशीब फुटकं. जुन्या संस्थेचं परदेशी कर्ज होतं, त्यातलं जवळजवळ ९० टक्के पश्चिमेच्या गळ्यात घातलं होतं, आणि करार सुरू होतो न होतो तोच आशियाई आर्थिक संकट आलं. डॉलरला २६ पेसो लागायचे ते काही महिन्यांत ४० च्या वर गेले. कर्ज डॉलरमध्ये, बिलं पेसोत. कंपनी बुडीत निघाली, नंतर नवे मालक आले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. शिवाय दोघांनीही बोली इतकी खाली लावली होती की पूर्वेचा दर चालू दराच्या जेमतेम पाव होता. बोली जिंकायची आणि मग दर वाढवून मागायचा हा खेळ जगभर चालतो, पुढे दर वाढलेच. आणि एवढं कौतुक झालेल्या पूर्वेतही मार्च २०१९ मध्ये लोक बादल्या घेऊन रांगेत होते, कारण मागणी वाढत गेली आणि नवा स्रोत काही आला नाही.

अर्जेंटिनाचाही एक अभ्यास आहे, २००५ मध्ये छापून आलेला. १९९० च्या दशकात जिथे पाणी खासगी हातात गेलं तिथे बालमृत्यू ८ टक्क्यांनी कमी झाले, सगळ्यात गरीब भागात २६ टक्क्यांनी. खासगीला विरोध करणाऱ्यांनी हा आकडा डोळ्याआड करू नये. आणि समर्थकांनी तो सांगताना त्याच देशात पुढे काय झालं ते गाळू नये, ते खाली येतंय.

सरकारी संस्था कधी सुधारते का, की ते निव्वळ स्वप्न?

नॉम पेन्ह बघा. कंबोडियाची राजधानी, युद्धातून नुकतीच बाहेर पडलेली, १९९३ मध्ये ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. एक सोन्न चान नावाचा इंजिनियर प्रमुख झाला, २०१२ पर्यंत होता, आणि त्या काळात तो आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला, चोवीस तास पाणी, आणि संस्था सार्वजनिकच.

कसं केलं? मोठी जादू नाही. प्रत्येक जोडणीला मीटर. चोरीच्या जोडण्या शोधणाऱ्याला बक्षीस, आणि स्वतःच हात ओले करणाऱ्या कर्मचाऱ्याला नारळ. एका लष्करी जनरलच्या घरी मीटर बसवायला गेले तर त्यानं थेट पिस्तूल रोखलं, तरी हे मागे हटले नाहीत, त्याचं पाणी तोडलं. जनरलचं तोडल्यावर बाकीच्यांना वेगळं सांगावं लागत नाही. सरकारी कार्यालयांकडून पण थकबाकी वसूल केली, जे माझ्या मते पिस्तुलापेक्षा अवघड काम आहे. गरिबांना जोडणीचा खर्च हप्त्यांनी, काहींना पूर्ण माफ. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला.

युगांडाची राष्ट्रीय पाणी संस्था पण अशीच, १९९८ नंतर विल्यम मुहाइरवे यांनी शंभर-शंभर दिवसांची टार्गेटं दिली, आणि प्रत्येक शहराच्या ऑफिसशी संस्थेनं स्वतःच करार केला, जणू ते ऑफिस बाहेरची कंपनीच. म्हणजे मालक सरकार, शिस्त कॉन्ट्रॅक्टची.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: वरच्या लोकांनी दर ठरवण्यात आणि माणसं नेमण्यात लुडबुड कमी केली. ती कमी होत नसेल तर कितीही हुशार माणूस आणून बसवा.

गरिबांना बिल परवडत नाही, मग दर वाढवायचे कसे?

आधी हे बघा की गरीब आत्ता काय देतोय. नळ नसलेल्या वस्तीत पाणी २० लिटरच्या कॅननं विकलं जातं. हजार लिटरला ५० कॅन. एका कॅनची किंमत कितीही किरकोळ वाटली तरी ५० नं गुणली की नळवाल्याच्या दराच्या कैक पट निघते. वर प्रत्येक कॅन २० किलोचा, तो उचलून आणणारी बहुतेक घरातली बाई नाहीतर पोर, आणि रांगेत गेलेल्या वेळेचं बिल कुणीच काढत नाही. तेव्हा स्वस्त दराचा फायदा कुणाला, तर ज्याच्या घरात आधीच नळ आहे त्याला. खासगी पाणी नको म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, सगळ्यात गरीब माणूस कधीपासून खासगी पाणीच पितोय, फक्त त्या कंपनीला नाव नाही आणि तिच्यावर नियामक नाही.

स्लॅबचा दर, म्हणजे कमी वापर स्वस्त आणि जास्त वापर महाग, ऐकायला न्याय्य वाटतो. पण एका नळावर पाच कुटुंबं असली की मीटर सगळ्यांचं मिळून मोजतो आणि ती पाच गरीब कुटुंबं महागड्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात, बंगल्यातलं दोन माणसांचं घर मात्र स्वस्तात. चिलीनं वेगळं केलं, दर खर्चाइतके ठेवले आणि कुटुंबाची परिस्थिती बघून बिलाचा काही भाग सरकार भरतं. दक्षिण आफ्रिकेनं २००१ पासून घरटी महिन्याला ६,००० लिटर मोफत धरलं, पण तिथेही मोठ्या कुटुंबाला ते पुरत नाही, आणि सोवेटोत प्रीपेड मीटरवरून भांडण २००९ मध्ये घटना न्यायालयापर्यंत गेलं, निकाल शहराच्या बाजूनं लागला.

मला विचाराल तर महिन्याच्या बिलापेक्षा जोडणीचा पहिला खर्च हाच खरा अडसर. तो हप्त्यांत टाका, निम्मं काम होतं.

रोज दोन तास पाणी आलं तरी पुरतं की, चोवीस तासांची चैन कशाला?

चैन नाहीये ती. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा पडतो, आतला दाब जातो, आणि शेजारच्या गटारातलं पाणी भेगांमधून आत ओढलं जातं. पाणी यायच्या वेळी नळ उघडून बघा, आधी फुसफुस हवा, मग तांबूस गढूळ बादलीभर, मग कुठे साफ. त्या हवेनं मीटरसुद्धा गरगर फिरतो आणि तिचं बिल लागतं ते वेगळंच. शिवाय दोन तासांत पैसेवाला पंप लावून टाकी भरून घेतो, गल्लीच्या टोकाच्या घराला थेंब.

सांडपाण्याबद्दल कुणी का बोलत नाही?

कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. नळाचं उद्घाटन होतं, मैल्याचं कोण करणार. २०२२ च्या आकड्यांप्रमाणे जगात सुरक्षित व्यवस्थेतलं पिण्याचं पाणी नसलेले सुमारे २२० कोटी लोक, आणि सुरक्षित स्वच्छता नसलेले सुमारे ३५० कोटी. उघड्यावर जाणारे अजून ४२ कोटींच्या घरात.

पाण्यासाठी माणूस पैसे देतो कारण ते घरात येतं. मैला घरातून गेला की त्याच्या दृष्टीनं प्रश्न संपला, पुढे तो नदीत गेला काय, पैसे कशाला द्यायचे? मलेशियानं १९९३ मध्ये देशभराचं मलनिस्सारण इंदाह वॉटर या एका कंपनीला दिलं. लोकांनी ते वेगळं बिल भरायलाच नाखुशी दाखवली, पाण्याचं बिल थकलं तर नळ तोडता येतो, गटार कसं तोडणार? २००० मध्ये सरकारलाच कंपनी परत घ्यावी लागली.

बहुतेक शहरांत तर गटारच नाही, सेप्टिक टँक किंवा खड्डा आहे, आणि तो उपसणारा ट्रक खासगी. हे कधी जवळून बघा. चेंबरचं झाकण पहारीनं उचकटायचं, नळी आत सोडायची, वरचं पातळ पाणी भसाभस ओढलं जातं, पण तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ दगडासारखा झालेला असतो, मग बांबूनं ढवळा, पाणी ओता, परत ओढा. ट्रक भरला की ड्रायव्हरचा हिशेब सुरू: प्रक्रिया केंद्र शहराबाहेर, डिझेल आपलं, तिथे वर फी, आणि नाला इथेच कोपऱ्यावर. रात्री काय होत असेल ते सांगायला नको. इथे कायद्याची भीती घालून फारसं निभत नाही, केंद्रावर माल टाकल्यावर पैसे *मिळाले* तर ट्रक तिकडे जातो. सेनेगलच्या डाकारमध्ये एक चांगला प्रयोग झाला, घरमालकानं कॉल सेंटरला फोन करायचा, ट्रकवाल्यांनी एसएमएसवर बोली लावायची, सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम.

लोकांनी स्वतः केलेलं काम बघायचं असेल तर कराचीतलं ओरंगी. १९८० पासून अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात गल्लीतल्या वीस-तीस घरांनी मिळून वर्गणी काढली, घरातला संडास आणि गल्लीतलं गटार लोकांचं, मोठी लाइन आणि प्रक्रिया सरकारची. ठेकेदार मधून गेला तसा खर्च कैक पटींनी उतरला. ब्राझीलमध्येही त्याच दशकात उथळ, लहान व्यासाचे पाइप परसातून नेऊन गटारं स्वस्त केली. यातलं कुठलं 'सरकारी' आणि कुठलं 'खासगी', सांगा बरं.

कंपनी मधेच सोडून गेली तर?

जातात. दार-एस-सलामला २००३ मध्ये सिटी वॉटर आली, २००५ मध्ये सरकारनं हाकलली. लवादानं २००८ मध्ये सांगितलं की टांझानियानं नियम मोडले, पण भरपाई शून्य. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेसला, आग्वास आर्हेंतिनास ही कंपनी, १९९३ चा करार, दर डॉलरशी बांधलेले, २००२ मध्ये पेसो कोसळला तसे सरकारनं दर गोठवले, २००६ मध्ये करार रद्द आणि नवी सरकारी कंपनी. पण लवादानं २०१५ मध्ये अर्जेंटिनाला ४० कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. म्हणजे कंपनी गेली तरी बिल येत राहतं, तेही अशा ठिकाणाहून जिथे आपल्या माणसाला उभंही करत नाहीत.

पाणी मानवी हक्क आहे ना?

हो, संयुक्त राष्ट्रांनी २८ जुलै २०१० ला तसा ठराव केला, १२२ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. उरुग्वेनं तर २००४ मध्येच जनमत घेऊन ते घटनेत घातलं आणि पाणी सार्वजनिकच राहील असं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानं मात्र पाणी फुकटही झालं नाही आणि खासगीवर बंदीही आली नाही.

आमच्याकडे असा करार येतोय म्हणतात, बघायचं काय?

डॉलर-रुपया फरकाची जोखीम कुणाची. बोली लावणारे किती होते, एकच असेल तर तिथेच कान टवकारा. नवीन जोडण्या किती आणि *कुठल्या* वस्तीत द्यायच्या हे लिहिलंय का, नुसतं 'शहरात' लिहिलं असेल तर गरीब वस्ती शेवटी येणार हे धरून चाला. नियामक कोण, त्याचा पगार कोण देतो, त्याला कोण काढू शकतं. आणि सांडपाणी करारात आहे की सोयीस्करपणे बाहेर ठेवलंय.

करार मागितला तर गोपनीय आहे म्हणतात.

म्हणणारच. पूर्ण नाही दिला तर निदान परिशिष्टं मागा. मुख्य करारातली पानं सगळीकडे सारखीच, वकिलांनी एकमेकांची उतरवलेली. दर कुठल्या सूत्रानं वाढणार, टार्गेट चुकलं तर दंड किती आणि करार लवकर मोडला तर कुणी कुणाला किती द्यायचे, हे तिघंही मागच्या परिशिष्टांत लपलेले असतात.